‘नडगी दुखतेय’ एवढं सांगायला लेकीला दोन महिने लागले

सप्टेंबर २०२४ मधली पहाट. सव्वापाच वाजलेले. आमच्या घरात वरच्या खोलीतून खाली यायला चौदा पायऱ्या आहेत. एरवी लेक त्या धडाधडा उतरते, शेजारच्या काकू आवाजावरून घड्याळ लावतात. त्या दिवशी मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून उभी होते आणि वरून येणारा आवाज वेगळा होता. एक पाय टेकला, मग दुसरा त्याच पायरीवर. पुन्हा एक, पुन्हा त्याच पायरीवर दुसरा. मी वाकून पाहिलं. ती भिंतीला हात धरून, अंग आडवं करून उतरत होती, माझी सासू गुडघे धरल्यावर उतरायची तशी. मला पाहिलं मात्र, हात भिंतीवरून काढला आणि उरलेल्या पायऱ्या सरळ उतरून आली.

“काय झालं गं?”

“काही नाही. पाय आखडलाय.”

चारच दिवसांपूर्वी जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत सतरा वर्षांखालच्या गटात ती १५०० मीटरला दुसरी आली होती. विभागीय स्पर्धेला निवड झाली होती. मी डब्यात दोन उकडलेली अंडी ठेवली, पायाला बाम चोळला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि तिला स्कूटरवर घेऊन ग्राउंडला निघाले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. हे दोन दिवस मला अजून छळतात, म्हणून आधी सांगून टाकते.

आम्ही साताऱ्याचे. इथे पळण्याचं वेड नवीन नाही. पहाटे यवतेश्वरच्या घाटात गेलात तर अंधारात पळणाऱ्यांचे श्वास आधी ऐकू येतात, माणसं मागून दिसतात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी पळाली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची मुलगी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली, आणि ती आमच्या जिल्ह्यातली, दुष्काळी पट्ट्यातली. आमच्या लेकीच्या कपाटाच्या दाराला आतून तिचा पेपरातला फोटो चिकटवलेला आहे.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. हे एमआयडीसीत, शिफ्टमध्ये. लेक सहावीत पळायला लागली तेव्हापासून आमच्या घराचं वेळापत्रक तिच्या वेळापत्रकावर बेतलेलं. मी पावणेपाचला उठणार, डबा भरणार, ग्राउंडवर नेणार, आणणार. ह्यांनी फ्रिजवर एक तक्ता लावला होता, दर आठवड्याचं टायमिंग लाल पेनाने. पुण्याहून सहा हजारांचे शूज आणले तेव्हा ह्यांनी दोन महिने ओव्हरटाइम केला. स्पर्धेला दोघांपैकी एक जण रजा टाकून जायचंच. आम्ही मुलीच्या मागे उभे आहोत, कशात कमी पडत नाही, असं आम्हाला अगदी मनापासून वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी ती वॉर्मअपलाच थांबली. ट्रॅकच्या कडेला खाली बसली आणि नडगी दोन्ही हातांनी धरली. मग मात्र आम्ही पुण्याला खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी लेकीला टेबलावर बसवलं आणि विचारलं, “कधीपासून दुखतंय?” मी म्हटलं, “चार दिवस झाले.” “किती पळतेस आठवड्यात?” मी सांगितलं. “झोप किती?” मीच सांगितलं, साडेसहा तास तरी होते. “जेवण?” मी म्हटलं, “व्यवस्थित जेवते, अंडी, दूध सगळं.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, मी तिला विचारतेय.”

मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कधीपासून दुखतंय? लेक माझ्याकडे बघत म्हणाली, “जुलैपासून.” शेवटची पाळी कधी आली? ती खाली बघायला लागली. “एप्रिलमध्ये.”

मला हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं. मे-जूनमध्ये पाळी आली नाही हे लक्षात आलं होतं. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिताना हात जड होतो. मला वाटलं, बरंच झालं, स्पर्धेच्या दिवसांत कटकट नाही. पळणाऱ्या मुलींचं होतं असं, असं मला ग्राउंडवरच्या दोन-तीन आयांनी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पुढे मी हिशेबच ठेवला नाही.

डॉक्टरांनी अंगठ्याने नडगीची पूर्ण लांबी दाबत नेली. वरून खाली येताना लेक नुसती आवळून बसली होती. मग त्यांनी एका बोटाने एकच जागा दाबली, घोट्याच्या वर साधारण चार बोटं, आतल्या कडेला. ती एकदम कळवळली आणि माझा हात धरला. “नडगी सगळीच ठणकत असेल तर एक गोष्ट,” डॉक्टर म्हणाल्या, “पण बोट ठेवून दाखवता येते अशी एकच जागा दुखत असेल तर मला काळजी वाटते.” एका पायावर उडी मारायला सांगितली. तिला मारता आली नाही. एक्स-रे स्वच्छ आला. अशी इजा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही म्हणून एमआरआय केला, त्यात हाडाच्या आत सूज दिसली. पूर्ण भेग पडण्याच्या आधीची पायरी. रक्तात हिमोग्लोबिन १०.८. लोहाचा साठा जवळपास रिकामा.

पुढे जे त्यांनी समजावलं ते मी पतसंस्थेतली बाई असल्याने पटकन समजले. शरीरात अन्नातून जमा होते ती ऊर्जा. आठवड्याला पन्नास किलोमीटर पळण्यात तिचा मोठा वाटा खर्च होतो. उरलेल्यात हृदय, मेंदू, वाढ, पाळी, हाडांची डागडुजी, सगळं भागवायचं. जमा कमी पडली की शरीर काही खर्च पुढे ढकलतं. जगायला ज्यांची आज गरज नाही ते आधी. पाळी थांबते. मग हाडांची डागडुजी मागे पडते, कारण पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरकही घटतं आणि हाडाला ते लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. खेळातला सापेक्ष ऊर्जेचा तुटवडा असा त्याचा अर्थ. मुलग्यांनाही होतो, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते. मुलींची जवळजवळ नव्वद टक्के हाडं अठराव्या वर्षापर्यंत भरून होतात. ह्या वयात जी जमा राहून जाते ती नंतर सहजासहजी भरता येत नाही.

“तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे यायचं. खेळाडू असो नसो,” त्या म्हणाल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, थायरॉइड आणि बाकीच्या तपासण्या झाल्या, दुसरं काही निघालं नाही. गोळ्या देऊन पाळी आणायची घाई करू नका, आधी पोटभर खाणं आणि विश्रांती, असं दोन्हीकडून सांगितलं. आठ आठवडे पळणं बंद. विभाग गेलं.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग ह्यांनी विचारलं, “बाळा, जुलैपासून दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?”

बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, “तुम्ही ओव्हरटाइम केला होता ना शूजसाठी. आणि आई रजा टाकते. मग मी काय सांगणार, दुखतंय म्हणून?”

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. मी मागे तिच्याशेजारी होते. आम्ही तिच्यासाठी जे काही केलं होतं ते सगळं तिने कर्ज म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि पाय दुखतोय म्हणणं म्हणजे हप्ता चुकवणं. आम्ही तिला असं कधी बोललो नव्हतो. पण घरात भिंतीपलीकडे आमचं बोलणं चालायचं: शूजचे पैसे, रजा किती उरल्या, दहावीला क्रीडागुण मिळाले तर बरं, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आमच्यासारख्या घरात हे बोलणं होणारच, ते वाईट नाही. पण तिच्या कानावर पडत होतं आणि तिच्या नडगीत साठत होतं.

वजनाचंही असंच. ग्राउंडवर एप्रिलमध्ये सगळ्या मुलींना रांगेत उभं करून वजन केलं गेलं होतं आणि आकडा मोठ्याने वाचला गेला होता. “दोन किलो उतरव, टायमिंग आपोआप येईल,” असं तिला सांगितलं गेलं. तिने रात्रीची भाकरी एकावर आणली, भात सोडला. मी म्हटलं, उन्हाळा आहे, भूक मरते. मग ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली. तो दिवस आमच्या घरात सुतकासारखा गेला. जेवताना मीच म्हणाले, “बघ, खेळाडूला वजनाकडे किती लक्ष द्यावं लागतं.” विनेशची कुस्ती पन्नास किलोच्या गटातली, तिथे काट्यावर उभं राहिल्याशिवाय मॅटवर जाताच येत नाही. पळण्यात वजनगटच नसतो. हा साधा फरक माझ्या डोक्यात आला नाही, आणि त्या रात्री लेकीने अर्धी भाकरी ताटात ठेवली.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे कामाला लागले. वही आणली, रकाने आखले. झोप, खाणं, दुखणं, मूड. रोज रात्री मी विचारायची आणि लिहायची. दहा दिवस वही एकदम छान होती. झोप आठ तास, जेवण चांगलं, दुखणं नाही, मूड चांगला. अकराव्या दिवशी फिजिओथेरपिस्टनी तिला एकटीला आत घेतलं आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन मला म्हणाले, “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. इन्स्टावर विभागाचे व्हिडिओ बघत रडते. तुम्हाला ठाऊक आहे का?”

ठाऊक नव्हतं. वहीत लिहिलं नव्हतं, कारण वही माझी होती.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की मी तिची काळजी इतकी घेत होते की तिला स्वतःची काळजी घ्यायला जागाच उरली नव्हती. भूक लागली का हे मी ठरवणार, झोप झाली का हे मी सांगणार, डॉक्टरांना मी उत्तर देणार, ग्राउंडवरच्या सरांशी मी बोलणार. पंधराव्या वर्षी तिला स्वतःच्या पायाबद्दल एक वाक्य बोलण्याची सवय नव्हती. फिजिओ म्हणाले, “तुम्ही घरातलं वातावरण सांभाळा. शरीराचं तिचं तिला बघू द्या. चुकेल. चुकू द्या, आत्ता तशीही ती पळत नाहीये.”

मी वही तिच्या हातात दिली आणि सांगितलं, तू दाखवलीस तरच बघेन. पहिले दोन आठवडे वहीचं पान कोरं होतं. हे मला कळलं कारण ती टेबलावर उघडी पडायची, आणि खरं सांगते, मी चोरून पाहिलं. कोरं पान बघून पोटात गोळा आला, पण बोलले नाही. मग एक दिवस ओट्याजवळ येऊन म्हणाली, “आई, सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजायची असते ना? कशी मोजतात?” मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून दाखवलं, अंगठा नाही लावायचा, दोन बोटं, घड्याळ लावून पूर्ण मिनिट. तिची ५८ आली. त्यानंतर ती रोज स्वतः मोजायला लागली. काही आठवड्यांत तिच्या लक्षात आलं की अपुरी झोप झाली किंवा आजारी पडायची असली की नाडी सात-आठ ठोक्यांनी वर जाते. हा शोध तिचा तिने लावला. मी सांगितला असता तर रकान्यात आणखी एक आकडा झाला असता.

खाण्याचं काम मात्र माझ्याकडे होतं आणि मी ते पूर्ण बदललं. नवीन काही आणलं नाही. महागड्या पावडरी, प्रोटीनचे डबे यांतलं काहीच लागलं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्याच स्वयंपाकघरातलं सगळं वहीत मांडून दाखवलं. सराव संपल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, आणि आमच्याकडे ग्राउंडवरून घरी, आंघोळ, गणवेश, शाळा असं करत पहिला घास दहाच्या सुट्टीत जायचा. आता डब्यात दोन केळी आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू असतो, तो ट्रॅकच्या कडेलाच खायचा. शाळेच्या डब्यात दोन पोळ्यांच्या चार झाल्या. रात्री मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, भाकरी आणि भात दोन्ही. उसळीवर लिंबू पिळायचं, कारण त्याने लोह नीट लागू पडतं, आणि जेवणाबरोबर चहा नाही, तो लोह अडवतो. माझ्या आईने आयुष्यभर जेवण झालं की लगेच चहा घेतला आणि आयुष्यभर तिच्या अंगात रक्त कमी होतं. हे मला आता सुचतं.

ताटातलं मोजणं मात्र बंद केलं. “एवढंच?” हेही नाही आणि “अजून घे” हेही नाही. भरपूर करून मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं. पहिल्यांदा तिने भात वाढून घेतला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही लगेच टीव्हीकडे बघायला लागलो.

घरातला वजनकाटा वरच्या माळ्यावर गेला. फ्रिजवरचा तक्ता ह्यांनी स्वतः काढला. मी सांगितलं नव्हतं. एका रविवारी पाहिलं तर तिथे फक्त गॅसवाल्याचा नंबर होता.

झोपेचं गणित सगळ्यात अवघड निघालं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पावणेपाचला उठायचं तर रात्री पावणेनऊला डोळा लागला पाहिजे. शिकवणी साडेआठला सुटायची. आम्ही सगळे मिळून बसलो आणि पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला की यातलं काय सोडायचं. तिने शिकवणीची वेळ बदलून घेतली आणि आठवड्यातले दोन दिवस सकाळऐवजी संध्याकाळी सराव मागितला. मागितला म्हणजे तिने मागितला. मोबाइल रात्री खाली हॉलमध्ये, तिचा, माझा आणि ह्यांचाही. नुसता तिचाच ठेवला असता तर चाललं नसतं.

सरांशी बोलण्याचा प्रसंग मला नीट आठवतो. डिसेंबरात पळणं पुन्हा सुरू झालं, एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशा चालीने. त्याआधीचे आठवडे ती पोहण्याच्या तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यात पळत होती. जानेवारीत चारशे मीटरच्या रिपिटेशन, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं, सुरू झाल्या. आदल्या रात्री ती ओट्याजवळ उभी राहून म्हणाली, “आई, उद्या दुखलं तर तू सरांना सांगशील?” माझं “हो” ओठांवर आलं होतं. सर चांगले आहेत, पण ग्राउंडवर त्यांच्यापुढे बोलायची मुलांची टाप नसते, हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, “तू सांगायचं. मी भिंतीवर बसलेली असेन.” मग तिने तिथेच वाक्य ठरवलं. पोळ्या लाटता लाटता मी सर झाले. “सर, नडगीत दुखायला लागलंय, दहापैकी तीन. मी अजून एक मारते आणि थांबते.” तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा तिने “थांबू का?” असं म्हटलं. मी म्हटलं, विचारू नकोस, सांग.

दुसऱ्या दिवशी चौथ्या रिपिटेशननंतर ती सरांपाशी गेली. मी भिंतीवर, लांब. आवाज येत नव्हता. सरांनी स्टॉपवॉच खाली केलं, काहीतरी विचारलं, तिने नडगीवर बोट ठेवलं. सरांची मान हलली आणि ती स्पाइक्स (खिळ्यांचे शूज) काढून गवतावर चालायला गेली. एवढंच. मला ते तिच्या जिल्ह्याच्या रौप्यपदकापेक्षा मोठं वाटलं, आणि हे मी उगाच म्हणत नाही. नंतर सरच मला म्हणाले, “बरं झालं पोरगी बोलली. मला कसं कळणार?” सगळ्यांसमोरचं वजन करणंही त्यांनी तिच्यापुरतं बंद केलं. बाकीच्या मुलींचं अजून होतं. त्याबद्दल मी दोनदा बोलले आहे, पुन्हा बोलणार आहे.

स्कूटरवरचं माझं पहिलं वाक्य पूर्वी ठरलेलं असायचं: “टायमिंग किती आलं?” ते मी सोडलं. सोडल्यावर कळलं की माझ्याकडे दुसरं बोलायला काहीच नाही. पहिले काही दिवस पोवई नाक्यापर्यंत आम्ही नुसत्याच यायचो. मग हळूहळू तिने सुरू केलं. कुठल्या मैत्रिणीचं काय भांडण, कुणाचा कुत्रा ट्रॅकवर आला, भूगोलाचे सर. टायमिंग सांगावंसं वाटलं तर सांगते. वाईट आलं तर हल्ली आधी सांगते.

औषधांचं एक सांगायलाच हवं, कारण ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत तिला खोकला झाला. मी घरातलं सिरप काढलं. ती म्हणाली, “थांब, नाव बघू.” आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, आणि ते उत्तेजक द्रव्यांच्या बंदीच्या यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. शरीरात सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, आईने दिलं होतं हे कारण चालत नाही. आमच्या बाटलीवर ते होतंच. डॉक्टरांना फोन करून ती खेळाडू आहे असं सांगून दुसरं घेतलं. नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचं, ‘नो युवर मेडिसिन’ (Know Your Medicine) नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. ते तिने स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलं आहे आणि मैत्रिणींनाही दाखवलं. ग्राउंडवर कुणी बिनालेबलची ‘ताकदीची पावडर’ देऊ केली तर ती सरळ नाही म्हणते.

सगळं गोड झालं असं नाही. नोव्हेंबरात, मैत्रिणी राज्य स्पर्धेला बालेवाडीला गेल्या तेव्हा ती तीन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. म्हणाली, “मी पळत नसेन तर मी कोण आहे?” मला उत्तर आलं नाही. ह्यांनी तिला घेऊन अजिंक्यताऱ्यावर नेलं, चालत, हळूहळू, आणि तिथे दोघांनी भेळ खाल्ली. तेव्हापासून आम्ही समुपदेशकांकडेही गेलो, पाच वेळा. नातेवाइकांत कुजबुज झाली, “पोरीला काय झालंय?” सिमोन बाइल्ससारखी जगातली पहिल्या नंबरची जिम्नॅस्ट टोकियोत मनाची तयारी नाही म्हणून सांघिक अंतिम फेरीतून मागे सरली होती, हे लेकीनेच आजीला समजावून सांगितलं. आजीला बाइल्स कळली नाही, पण नात एवढं बोलतेय म्हणून तिने ऐकून घेतलं.

पाळी जानेवारीत आली. सकाळी न्हाणीतून हाक मारली, “आई, आली गं.” मी हातातलं पीठ तसंच ठेवून गेले. आम्ही दोघी दारात उभ्या राहून हसत होतो आणि तिच्या बाबांना काही कळेना काय झालंय. आता ती तारीख तिच्या वहीत लिहिते, आणि कधी दहा दिवस पुढे गेली तर त्या आठवड्यात काय खाल्लं, किती पळलो, ते मागे जाऊन बघते. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलंय.

यंदा ती दहावीत. जिल्ह्याला पुन्हा दुसरी आली, मागच्यापेक्षा तीन सेकंदांनी पुढे. विभागाला सहावी. राज्य नाही. क्रीडागुणांचं काय होईल ते आता आम्ही तिच्यासमोर बोलत नाही. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलते.

गेल्या मंगळवारी पहाटे मी सवयीने उठले, दूध ठेवलं. तिचा गजर वाजला. पायऱ्यांवर आवाज आला नाही. थोड्या वेळाने वरूनच म्हणाली, “आई, नाडी ६७ आहे. आज नाही जात. खाली आल्यावर सरांना मेसेज टाकते.”

“बरं,” म्हटलं. गॅस बारीक केला आणि मीही जरा पडले.

साडेसातला खाली आली, केस विस्कटलेले, फ्रिज उघडून बघत म्हणाली, “अंडी दोनच उरलीत. येताना आण.”